सतरा नंबरचा बिल्ला

१

रोज सकाळी साडेनऊला चिंगूस त्या खोलीचं दार लावून घ्यायचा आणि मग दिवसभर काहीही घडू नये म्हणून वाट बघत बसायचा. कामच तसं होतं. काही घडलं नाही की काम फत्ते.

चिंगूस हे नाव अख्ख्या प्रयोगशाळेने त्याला दिलं होतं आणि त्याने ते बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं होतं. तो बिनतारी संदेश ऐकणारे रिसीव्हर बनवायचा. तेही फार वरच्या फ्रिक्वेन्सीचे, ज्यांच्या लहरी बोटाच्या पेराएवढ्याही नसतात आणि मधे नुसता तळहात आला तरी अडतात. असले रिसीव्हर मुळात खादाड. कुणी हाक मारो न मारो, कान टवकारून बसायचं म्हटलं की बॅटरी चार दिवसांत फस्त. चिंगूसने आपला रिसीव्हर झोपायला शिकवला होता. दर चार सेकंदांनी तो डोळा किलकिला करायचा, कुणी हाक मारतंय का बघायचा आणि पुन्हा कूस बदलून झोपायचा. एका बॅटरीवर पाच वर्षं.

"ऐकण्यात जितकी वीज जाते तितकी कशातच जात नाही," असं तो नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगायचा. हे माणसांनाही लागू पडतं हे त्याला कळत नसेल, असं नाही. त्याने लग्न केलं नव्हतं. त्यातही वीज वाचते, असं मिस्त्री म्हणायचा.

मिस्त्री म्हणजे त्या खोलीचा राखणदार, वायरी ओढणारा, दारं लावणारा, चार वर्षांत निवृत्त होणारा माणूस. आणि खोली म्हणजे खोलीच्या आत ठेवलेली लोखंडी पेटी. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा हातभर लांब निळ्या स्पंजाचे सुळके. जमिनीवर जाळी. दार तिजोरीसारखं जाड, कडेने पितळी पट्ट्यांची झालर. दार लागलं की बाहेरची एक लहर आत येत नसे आणि आत उभ्या माणसाला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत असे. बोललेला शब्द ओठांपाशीच गळून पडायचा.

मधोमध स्टँडवर नवा रिसीव्हर. त्याने आठ तास झोपावं, आणि कुणी हाक न मारता एकदाही जागं होऊ नये, अशी परीक्षा होती. विनाकारण जाग आली तर तिला खोटी जाग म्हणायचे. शुक्रवारी बाहेरचे लोक परीक्षा बघायला येणार होते. त्यांच्या कागदावर खोट्या जागेपुढे शून्य लिहिलेलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मिस्त्रीने आकडा वाचला. "तीन."

"तीन कसे?"

"मला काय विचारता साहेब, मी काय आत जाऊन ढोसलं त्याला?" मिस्त्री हसला. "आठ तासांत तीन वेळा तर मीसुद्धा उठतो."

चिंगूस हसला नाही. त्याने वेळा बघितल्या. तिन्ही वेळची जाग एकापाठोपाठ आलेली, मधे बरोबर चार-चार सेकंद, आणि त्यानंतर दिवसभर काही नाही. गोंधळातून आलेली जाग अशी रांग लावून येत नाही. तीन हाका, चार सेकंदांच्या अंतराने, आणि मग गप्प. हा नियम कुणी केला होता हे त्याला आठवायची गरज नव्हती. तो त्यानेच केला होता.

२

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शीतगृहात, मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये, त्याच्या पहिल्या रिसीव्हरची चाचणी चालू होती. कामगारांच्या गळ्यात बिल्ले, बिल्ल्यावर बटण, थंड खोलीच्या भिंतीवर रिसीव्हर. कुणी आत अडकलं तर त्याने बटण दाबायचं. बिल्ला तीन हाका मारायचा, रिसीव्हरने ऐकलं की तो पोच द्यायचा आणि बिल्ल्यावर हिरवा दिवा लागायचा. सोबतचा माहितीचा कागद चिंगूसनेच लिहिला होता. शेवटची ओळ अशी: 'हिरवा दिवा लागल्यावर जागेवरून हलू नये व पुन्हा बटण दाबू नये. मदत येत आहे.'

एकूण वीस बिल्ले. सतरा नंबरचा चिंगूसच्या धाकट्या भावाच्या गळ्यात.

धाकटा तिथे पाळीप्रमुख होता. बाकीचे लोक कुरकुरत होते, हे कशाला गळ्यात लोढणं म्हणून. धाकट्यानेच सगळ्यांना पटवलं. "माझ्या दादाने केलंय," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी तो एकटाच आत मोजदाद करायला गेला आणि दाराची आतली कडी अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली तेव्हा तो दाराशेजारी भिंतीला टेकून बसलेला होता. रिसीव्हरच्या वहीत एकही हाक नव्हती.

आता खरी गोष्ट, जी चिंगूसशिवाय कुणाला माहीत नव्हती. झोपणाऱ्या रिसीव्हरचं आणि बिल्ल्याचं वेळेवर जमावं लागतं. रिसीव्हर जागा असेल त्याच क्षणी बिल्ला हाक मारतो, म्हणून तर वीज वाचते. दोघांनी एसटी स्टँडवर पाच वाजता भेटायचं ठरवलं आणि एकाचं घड्याळ मागे पडलं की चुकामूक ठरलेली, तसंच हे. थंडीत घड्याळं मागे पडतात. किती पडतात ते उणे पंचवीसपर्यंत मोजायचं होतं. पण यंत्रं गारठवून तपासायची पेटी दुसऱ्या विभागाने आठ दिवस अडवून ठेवली होती, म्हणून त्याने शून्य अंशापर्यंत मोजलं. ठिपके सुरेख एका रेघेत आले. त्याने पट्टी लावून ती रेघ उणे तीसपर्यंत पुढे ओढली आणि खाली सही केली. असं सगळेच करतात. ठिपके सरळ आले की माणसाचा हात आपोआप पट्टीकडे जातो.

धाकटा गेल्यावर त्याने गुपचूप मोजून बघितलं. उणे दहाच्या खाली रेघ वाकत होती. भिंतीवरचा रिसीव्हर मागे पडत गेला होता, आणि गळ्यातला बिल्ला अंगाच्या उबेने वेळेवर होता. म्हणजे प्रत्येक हाक रिसीव्हर झोपेत असतानाच मारली गेली असणार. एक नाही, सगळ्याच्या सगळ्या.

चौकशीवाल्यांनी बिल्ले तपासायला कुणाकडे दिले? जाणकाराकडेच. बिल्ल्याच्या पोटात बटण किती वेळा दाबलं त्याचा आकडा असतो, पण तो बॅटरी आहे तोवरच टिकतो. तेवढीच वीज वाचते. चिंगूसने सतरा नंबरचा बिल्ला हातात घेतला आणि सगळ्यात आधी बॅटरी काढली. मग लिहून दिलं, 'संदेश पाठवल्याची नोंद आढळली नाही.' वाक्य अक्षरशः खरं होतं. चौकशीवाल्यांनी त्यावरून आपलं वाक्य केलं: मृताने बटण दाबले नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. वीसही बिल्ले एका पत्र्याच्या डब्यात, डबा त्याच्या कपाटात, किल्ली खिशात.

३

मंगळवारी त्याने एकेक वाट बुजवली. खिशातला फोन, मनगटावरचं घड्याळ, मिस्त्रीचं ऐकण्याचं यंत्र, सगळं दोन मजले खाली ठेवायला लावलं. पितळी झालर पुसून घेतली. दाराच्या फटीवरून तास-दीड तास मीटर फिरवला. शेवटी तर रिसीव्हरच्या अँटेनावर धातूचं टोपण घट्ट बसवलं. म्हणजे कान बुजवून झोपवलं म्हणा ना.

संध्याकाळी आकडा तीस झाला.

"पाणी कुठेतरी मुरतंय साहेब," मिस्त्री म्हणाला.

"मुरतंय ना. पण कुठे, ते सांगा."

मिस्त्री दारं तपासायला गेला तेव्हा चिंगूसने त्या तीस वेळच्या जागेच्या पोटात काय आहे ते उघडून बघितलं. खोट्या जागेच्या पोटात कचरा असतो, वेडेवाकडे आकडे असतात. इथे स्वच्छ ओळी होत्या. बिल्ला १७, बटण दुसऱ्यांदा. बिल्ला १७, बटण तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तीन-तीन हाका. अकराव्यापर्यंत.

मग हुशार माणसं जे करतात ते त्याने केलं: कारण शोधलं. बिल्ल्यांची जुनी यादी त्याने नव्या रिसीव्हरमध्ये जशीच्या तशी उचलून टाकली होती. तेव्हा सतराचा क्रमांक आत होताच. आत असलेलीच गोष्ट कुठल्या तरी चुकीने वर येते, यात नवल काय? त्याने यादीतून सतरा खोडला. सोळानंतर अठरा.

४

घरी तिघंच. तो, आई आणि धाकट्याची बायको. भावजय एका दवाखान्यात केसपेपर लिहायची, संध्याकाळी येऊन भाजी निवडत बसायची आणि आठवड्यातून एकदा तरी तोच प्रश्न विचारायची.

"भाऊजी, विचारू?"

"विचार."

"माणूस घाबरला की बटण दाबायचं विसरतो?"

"विसरू शकतो."

"गळ्यात असताना?"

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "धांदरटच होता पहिल्यापासून. चपला उलट्या घालून शाळेत जायचा. तो काय बटण दाबतोय."

दोन वर्षांत आईने दुःखाचा राग करून घेतला होता आणि राग मेलेल्या पोरावर काढायची सवय लावून घेतली होती. चिंगूसला ते ऐकवत नसे. पण ते थांबवायला फक्त एक वाक्य लागलं असतं, आणि ते वाक्य त्याने वाचवून ठेवलं होतं.

भावजय भाजीकडेच बघत म्हणाली, "विसरले नाहीत ते. मला माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. काही मोठं नाही, सुट्टीच्या दिवशी कशाला जाता म्हणून. मी म्हणाले, जा, आणि परत नाही आलात तरी चालेल."

चिंगूसने वर बघितलं.

"त्यांनी ते मनावर घेतलं," ती म्हणाली. "बटण हाताशी होतं आणि दाबलं नाही. रात्रभर बसून राहिले, पण मला हाक मारली नाही. तुम्ही जाणकार आहात भाऊजी. मला एवढंच सांगा, एकदा तरी दाबलं असेल का हो? एकदाच. मग मी पुन्हा विचारणार नाही."

बिल्ला १७, बटण अकराव्यांदा, हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. पण ते खरं कुठे होतं? ती तर यंत्राची चूक होती. चुकीवर विसंबून कुणाला काही सांगणं बरं नव्हे.

"नोंद नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि निवडलेल्या भाजीचे देठ कागदात गुंडाळले.

५

बुधवारी सकाळी सगळ्यात आधी त्याने कपाट उघडलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. डबा जागेवर होता, कुलूप होतं, आत वीसही बिल्ले ओळीने. एकोणीस कोरडे ठणठणीत. सतराव्यावर मात्र बारीक दव होतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर असतं तसं.

कपाटामागून एसीचा नळ जातो, तो स्वतःला म्हणाला. नळ विसांच्याही मागून जात होता, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. बॅटरीची जागा रिकामी होती. त्याने त्या रिकाम्या जागेत बोट घालून बघितलं आणि पटकन काढून घेतलं. बोट बधिर झालं होतं. डबा त्याने इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, तळघरातल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवला.

वर येईतो मिस्त्री वाट बघत होता. "साहेब, चालूच झालंय. दार लावल्यापासून थांबतच नाही."

यादीत सतरा नव्हता, तरी ओळी येत होत्या. आणि आता वेग वाढला होता. बारा, तेरा, चौदा. मिनिटाला एक, मग मिनिटाला दोन. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, तो मात्र पडद्यापुढून हलला नाही. चाळीसच्या पुढे दाबणाऱ्याचा धीर सुटला असावा, कारण एक हाक पुरी व्हायच्या आत दुसरं बटण दाबलेलं दिसत होतं. ऐंशीला जरा विराम. बहुतेक दाराला धडका देऊन पाहिल्या असतील, असं चिंगूसच्या मनात आलं, आणि आपण 'असतील' म्हणालो हे लक्षात येऊन त्याने खुर्ची मागे सरकवली.

संध्याकाळी एकशे सत्त्याण्णव. मिस्त्री कधी नव्हे तो गंभीर झाला होता. "मघाशी स्टँड सरळ करायला आत गेलो," तो म्हणाला, "तर गारठा होता आत. या खोलीला तर एसी नाही."

"स्पंजामुळे वाटतं तसं."

"तीस वर्षं जातोय की मी त्या स्पंजात," मिस्त्री म्हणाला.

६

गुरुवारी हाका विरळ झाल्या.

सकाळी दहा-दहा मिनिटांनी. अकरानंतर वीस मिनिटांनी. बाहेर लोक येत-जात होते, कुणी उद्याच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजत होतं, मोठे साहेब दोनदा डोकावून गेले. "शून्य होतंय ना?" त्यांनी विचारलं. "होतंय," चिंगूस म्हणाला. दोनशे नऊ. दोनशे दहा. बटण दाबणारा हात आता नीट चालत नव्हता हे ओळींवरूनही कळत होतं. बटण दाबलेलंच राहायचं, सुटायला वेळ लागायचा.

दुपारी एकला दोनशे बारा. त्यानंतर चाळीस मिनिटं काही नाही.

या चाळीस मिनिटांत त्याला एक जुनी गोष्ट आठवली, जी आठवायची नाही असं त्याने ठरवलं होतं. तो अकरा वर्षांचा आणि धाकटा सहाचा. सायकलच्या दुकानाबाहेरच्या बाकावर धाकट्याला बसवून तो म्हणाला होता, "इथेच थांब. आलोच." आणि एका मित्राकडे उघडून ठेवलेला रेडिओ बघायला गेला. रेडिओच्या पोटात तो इतका गुंतला की भाऊ विसरलाच. परत आला तेव्हा दुकान बंद झालेलं, दिवे लागलेले, आणि धाकटा त्याच बाकावर, पाय लोंबकळत. रडला नव्हता. कुठे होतास, असंही विचारलं नाही. दादा दिसला तसा तो फक्त थोडा सरकला आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली.

एक चाळीसला ओळ आली. बिल्ला १७, बटण दोनशे तेराव्यांदा.

चिंगूसला कळलं की पुढची ओळ येणार नाही. दोनशे चौदा न येणं त्याला इथे बसून बघावं लागणार होतं. आणि ते त्याच्याने होईना. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. त्याचा जीव खरोखर तुटला. चाचणीत रिसीव्हरची पोच बंद ठेवलेली असते. त्याने ती चालू केली. एक कळ, बस्स. दोन वर्षांपूर्वी भिंतीवरच्या रिसीव्हरने जे म्हणायला हवं होतं ते त्याने आता म्हणायला लावलं: ऐकलं.

पोच गेली. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. मग सगळं शांत झालं.

सुटलो, असं त्याला वाटलं. कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, की धाकटा सुटला. मिस्त्रीला बोलावून त्याने नवी आठ तासांची चाचणी लावायला सांगितली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला. माहितीच्या कागदावरची शेवटची ओळ त्याला हात धुताना आठवली. हिरवा दिवा लागल्यावर जागेवरून हलू नये. पुन्हा बटण दाबू नये. मदत येत आहे.

७

शुक्रवारी परीक्षा झाली. पाहुण्यांसमोर आठ तास, खोटी जाग शून्य. टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चिंगूस या नावाचा उच्चार पहिल्यांदाच कौतुकाने झाला. साडेपाचला सगळे पांगले. रिसीव्हर काढून आणायला तो एकटाच दाराशी गेला.

दार उघडलं तसा गारठा त्याच्या घोट्यांवरून बाहेर आला. आतला दिवा लागला नाही. त्याने दोनदा खटका दाबला. बाहेरचा उजेड उंबऱ्यापासून चार पावलं आत गेला आणि स्पंजात जिरला. पलीकडे काळोख होता. त्या काळोखात, भिंतीलगत, जमिनीपासून साधारण हातभर वर, एक हिरवा ठिपका होता.

बसलेल्या माणसाच्या छातीशी येईल एवढ्या उंचीवर.

तळघरातल्या कपाटाची किल्ली खिशात होती. ती त्याने मुठीत घट्ट धरली. डोळ्यांना सवय होईल तसे आजूबाजूचे सुळके त्या हिरव्या उजेडात किंचित दिसू लागले. एके ठिकाणी मात्र ते दिसत नव्हते. तिथे काहीतरी आड होतं. चिंगूसने तोंड उघडलं, पण त्या खोलीत शब्द ओठांपाशीच गळतात.

मग तो ठिपका हलला. पुढे आला नाही. वितभर फक्त बाजूला झाला. कुणीतरी सरकून शेजारी जागा केली होती.

नेमका बाहेर टेबलावरचा फोन वाजला. मिस्त्रीने जाताजाता उचलला असावा, कारण त्याचा आवाज आला, "साहेब, घरून तुमच्या भावजयीचा फोन आहे."

चिंगूस उंबऱ्यावर उभा होता. एका बाजूला चार पावलं, दुसऱ्या बाजूला दहा. आत जाऊन बसला असता, तरी चाललं असतं. बाहेर येऊन फोनवर एक आकडा सांगितला असता, तरी चाललं असतं. दोन्ही जमलं असतं. वेळ होती.

"इथेच थांब," तो आतल्या काळोखाला म्हणाला. "आलोच."

आणि त्याने दार लावून घेतलं. पितळी झालर चौकटीत बसल्याचा आवाज झाला. फोनवर भावजय विचारत होती की परीक्षा कशी झाली, आईने विचारायला सांगितलंय. "छान झाली," तो म्हणाला. "सगळं शून्य." मग तिने विचारलं, "आणि त्यांचं काही, नव्या यंत्राने काही कळलं का?"

"नाही," तो म्हणाला.

८

याला आता वर्ष होईल. तो रिसीव्हर हजारोंनी बनतो आणि कुणाकुणाच्या भिंतींवर स्वस्थ झोपतो. चिंगूस मोठा साहेब झाला, वरच्या मजल्यावर बसतो. तळघरातला डबा त्याने नंतर एकदा उघडून बघितला. वीसही बिल्ले कोरडे होते. भावजयीने धाकट्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला, आणि प्रश्न विचारणं बंद केलं. ती म्हणते, "ज्याला आपल्याला हाक मारावीशी वाटली नाही, त्याची वाट किती दिवस बघायची?" आई म्हणते, बरोबर आहे. चिंगूस समोर जेवत असतो.

खोलीत तो पुन्हा गेला नाही. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा वरूनच कामं सांगतो. तिथे आता एकही खोटी जाग येत नाही. पोच मिळालेला बिल्ला पुन्हा हाक मारत नाही. नियम त्याचाच आहे.

परवा मिस्त्री काहीतरी सही घ्यायला वर आला होता. सही झाली, तरी रेंगाळला.

"साहेब, एक सांगू का? हसणार नसाल तर."

"सांगा."

"सकाळी दार उघडतो ना मी, तेव्हा रोज वाटतं, आतून कुणीतरी चटकन वर बघितलं." मिस्त्रीने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "भीती नाही वाटत. म्हणजे माझ्याकडे रोखून बघतंय असं नाही ते. वर बघतं, आणि मी आहे म्हटल्यावर पुन्हा मान खाली घालतं." तो दाराकडे वळला आणि थांबला. "कुणी यायचंय का हो तिथे?"